पिल्लापाशी ठेवलेला आरसा

भामरागड

आई,
जयभीम. मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवण होते. बाबाचा खोकला कसा आहे?

तू पाठवलेल्या गिनी कोंबडीच्या अंड्यांवर गावठी कोंबडी बसवली होती, पिल्ले निघाले. साप दिसला का ह्या कोंबड्या ओरडतात, म्हणून दवाखान्यामागच्या माझ्या खोलीले राखण होईन असं वाटलं होतं. पण मले काय समजते! पाणी खोल वाटीत ठेवलं, त्यात काही बुडाले. वाटीत खडे टाकाचे असतात म्हणे. बाकीचे कोंबडीमागं ओल्या गवतात फिरले अन् गारठून मेले.

एकच राह्यलं. कोंबडी त्याले जवळ घेत नाई. गावातली आशाताई म्हणाली, "आरसा ठेवा, त्याले सोबत वाटते." ठेवला. आता आरशाले टेकून झोपते, पण तांदळाची कणी खात नाई. ते जगन असं वाटत नाई.

पुरानं रस्ता बंद आहे. बदलीचं विचारू नको.

मी वाळली का, म्हणून तू विचारलं होतं. घरात तोच एक आरसा आहे, आई. उचलला का पिल्लू ओरडते. म्हणून मी पाह्यलंच नाई.

तुझी,
संघप्रिया