फळ्या फुगेपर्यंत

तीर्थरूप दादा,

परवा सकाळी तू हौसेनं बांधलेली होडी मी तळ्यात उतरवली. तू देवाघरी गेल्यापासून ती शेडमध्ये वाळत पडली होती. सांध्यांतून भराभर पाणी आत आलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ही होडी की चाळणी? लाकडासाठी मागतोय ना, देऊन टाका त्या वखारवाल्याला."

मी सांधे बुजवायला निघालो आणि तुझं बोलणं आठवलं: लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी आपणच मिटतात. देवाचं नाव घेऊन तिला बुडू दिलं.

आज पाणी उपसलं. नंतर थेंबही आत आला नाही. किती नेमक्या जोडल्या होत्यास त्या फळ्या!

वहिनींना बसवून वल्ही मारली. तळ्याच्या मध्यावर सांगितलं, "वखारवाल्याला नाही म्हणून कळवलंय."

"आधी काठाला न्या, मग भांडते," त्या म्हणाल्या. पण हात फळ्यांवरून फिरत होता.

तुझा धाकटा