हुरडा एक नंबर होईपर्यंत

२० डिसेंबर
ठरलं. या वर्षी हुरड्याला मुक्तावहिनींकडे जायचंच. मॉल नाही, केक नाही, लाल टोप्या नाहीत. शिरूरच्या पुढचं मामाचं शेत, गोवऱ्यांची आगटी, घोंगडीवर बसून तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि लसणाची चटणी. साधं, खरं आयुष्य. आठ दिवस राहणार.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटला दिवाळीची सुट्टी जेमतेम, ख्रिसमसची मात्र भरपूर. त्यामुळे बरोबर हुरड्याच्या दिवसांत मी मामाकडे. सिस्टरांनी दिलेला प्लम केकचा तुकडा रुमालात बांधून न्यायची. माझा मामेभाऊ, दादा, तो वासरापुढे धरायचा आणि वासरू तोंड फिरवायचं. पुढे शेत दादाकडे आलं, तेव्हापासून बांधाच्या कडेला गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी तो फक्त माझ्यासाठी पेरायचा. ‘बेबीच्या ओळी’. माझं जाणं झालं नाही की एस.टी.ने पिशवी यायची. पिशवी बऱ्याचदा आली.

श्रावणात दादा गेला. तेराव्याला वहिनींचा हात हातात घेऊन मी म्हटलं, हुरड्याला राहायलाच येते. यंदा त्या ओळी त्यांनी स्वतः पेरल्यात.

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, आठ दिवस? तिथे गीझर नाही.

ह्यांना निसर्गाचं काही नाहीच.

२४ डिसेंबर
तयारी. तुळशीबागेतून गवताची हॅट आणली, रुंद काठाची. दोन सुती साड्या. वहिनींसाठी शाल. एस.टी.नेच जायचं, हे तत्त्व. शेतात एसी गाडीतून उतरायचं म्हणजे दादाचा अपमान.

२७ डिसेंबर
थंडी फार. गुडघा धरलाय. एस.टी.ची पायरी उंच असते, हे तत्त्व ठरवताना लक्षात आलं नव्हतं. हे म्हणाले, गाडीने सोडतो. म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. म्हणाले, मग घरीच बस तत्त्व घेऊन.

थंडी ओसरली की लगेच.

३० डिसेंबर
वहिनींचा फोन. आनंदाची बातमी! आवाज सारखा तुटत होता, पण ‘बेबीवन्सं, चार-एक दिसांत… नंबर हुईल’ एवढं स्पष्ट ऐकू आलं. एक नंबर! नातवंडांकडून शिकल्या असणार. बिचाऱ्या दोनदा म्हणाल्या.

म्हणजे घाई केली असती तर कोवळा, पाणचट हुरडा खावा लागला असता. न गेले तेच बरं झालं. थोडं अपराधी वाटत होतं, ते गेलं. बरंचसं गेलं.

३ जानेवारी
सराव हवा म्हणून मंडईतून कणसं आणली. पूजेच्या दुकानात गोवऱ्या मिळाल्या. गॅलरीत कुंडी रिकामी करून तिच्यात छोटीशी आगटी पेटवली. धूर अपेक्षेपेक्षा जास्त. वरच्या मजल्यावरची प्रियदर्शनी कठड्यावरून वाकून म्हणाली, काकू, यंदा होळी लवकर काढलीत का? तिच्या वाळत घातलेल्या चादरी तिने खाली आणून दिल्या. धुवायला.

चोळताना हात भाजला. मामा चोळायचे तेव्हा कसा भाजत नव्हता? कारण चोळायचे मामा. मी फक्त खायची.

हात बरा झाला की निघते.

८ जानेवारी
कल्याणीच्या भिशी ग्रुपची हुरडा पार्टी. मी नाहीच म्हणत होते. पण ती म्हणाली, अगं, पैसे भरलेत तुझे, आता नखरे नकोत. शिवाय रस्ता तोच. म्हणजे रस्त्याची पाहणीही होणार. एसी बस. (पायरी उंच होती. जमली.)

हुरडा चोळून, प्लेटमध्ये, वर शेव घालून. बैलगाडीत फोटो. हॅटचं फार कौतुक झालं.

जाताना वहिनींच्या गावाचा फाटा लागला. ड्रायव्हरला थांबवावं असं मनात आलं होतं, खरंच आलं होतं. पण पंचवीस बायका घेऊन त्या एकट्या बाईच्या दारात जाणं बरं दिसलं नसतं. येताना मी झोपले होते. म्हणजे डोळे मिटले होते.

९ जानेवारी
कल्याणीने फोटो सगळीकडे टाकले. वहिनींच्या सुनेपर्यंत पोचले.

वहिनींचा फोन. म्हटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाल्या, टोपी झ्याक दिसती तुमाला. गुडघा बरा हाय का? बसमधी चढवलं का कुणी? मी म्हटलं, वहिनी, तो आपला हुरडा नव्हताच, आपला अजून एक नंबर व्हायचाय ना? त्या म्हणाल्या, झाला की वन्सं, कवाच निब्बर झाला. आज आवाज तुटत नव्हता. शब्द ‘नंबर’ नव्हता. निब्बर.

ह्यांना विचारलं. पेपर खाली ठेवून म्हणाले, निब्बर म्हणजे जून. टणक. दाणा कडक झाला की हुरडा संपला. तुमच्या सिस्टरांनी शिकवलं नाही वाटतं.

पेपर खाली ठेवला, त्याअर्थी त्यांनाही वाईट वाटलं असावं.

११ जानेवारी
गेलो. गाडीने. तत्त्वाबद्दल कुणी काही बोललं नाही.

बेबीच्या ओळी उभ्या होत्या. पाखरांनी दाणे टिपू नयेत म्हणून वहिनींनी एकेका कणसाला चिंधी बांधलेली. पांढरी, लाल काठाची. दादाचं धोतर. वाऱ्यावर सगळ्या चिंध्या एकदम हलत होत्या. मी हॅट गाडीतच ठेवली.

एक चिंधी सोडून दाणा दातांखाली धरला. खडा.

तरीही वहिनींनी आगटी पेटवली. म्हणाल्या, निदान शेकायला. सून म्हणाली, आत्या, ह्या रोज सकाळी वाटेकडं बघत बसायच्या, मी म्हणायची, पुण्याची माणसं हायती, दुपारनंतर उठत्यात. वहिनी तिला रागावल्या आणि मग स्वतःच हसल्या. मी कणीस चोळलं. दाणे सुटेनात. वहिनींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, हात दुखतील. भाकरी हुईल याची.

राहायचं म्हणून बॅग भरून नेली होती. पण ह्यांची बी.पी.ची गोळी घरी राहिली होती. संध्याकाळी निघालो. शाल द्यायचीही राहिली.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला वहिनींना फोन केला. आज सगळं बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, वहिनी, फार चुकलं. पुढल्या वर्षी पेरा, मी नाताळच्या आधीच येऊन बसते, पाखरं मी हाकते.

वहिनी म्हणाल्या, न्हाई वन्सं, त्या ओळींत आता कांदा लावते. हुरडा लई नाजूक, कुणासाठी थांबत न्हाई. कांदा टिकतो. तुमी कवाबी या.

आवाजात राग अजिबात नव्हता. मी शोधला.

फोन ठेवला. हॅट माळ्यावर टाकली. ह्यांना विचारलं, कांदा किती दिवस टिकतो? म्हणाले, नीट ठेवला तर दिवाळीपर्यंत.

म्हणजे तशी घाई नाही.