सहा बुळबुळीत पट्ट्या

शनिवार, १४ मार्च, सकाळ

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. तुझा प्रवास नीट झाला असेल, सत्कारही. इथे सगळे बरे आहेत. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या तुझ्या कुंडीला आठवणीने पाणी घालते. बाबांनी पेपरातलं कात्रण जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. ‘प्लास्टिक खाणारे जंतू आपल्याच तळ्यात!’ आणि खाली तुझा फोटो. येईल त्याला दाखवतात, "माझी धाकटी बहीण!" शाळेत जाण्याआधी तू मला अक्षरं आणि बेरजा शिकवल्यास त्या याच टेबलावर. हल्ली मी माझं ताट मुद्दाम तुझ्या फोटोवर ठेवते.

हे खवचट झालं. पण खोडत नाही.

सोमवारी नगरपालिकेने तळ्याला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडावरची जाळी काढून टाकली. जंतू खातायत तर जाळी कशाला, म्हणे. कामावर जाताना पुलावरून रोज बघते. पिशव्या, वेष्टनं, सगळं सरळ तळ्यात, आणि तेच पाणी आपल्या नळाला. जाळी साफ करणारे मामा भेटले. "ताई, तुमचे जंतू भारी हं. प्लास्टिकच्या आधी माझी नोकरी खाल्ली!" हसून म्हणाले.

तुला फोन केला तर म्हणालीस, "जाळी काढा असं मी सांगितलं का? मी फक्त निष्कर्ष छापला." मी ब्रशचं नाव काढलं तर, "तुझं आपलं लहानपणापासून राईचा पर्वत! माणसं कुठून कुठे पोचली आणि तू अजून हात धुतेयस."

कोणाचे हात, आत्या?

काल प्रयोगाची वही काढली. पान बेचाळीस. तिथे मी लिहिलं होतं, ‘जंतूंच्या बरण्यांतल्या सहाही प्लास्टिकच्या पट्ट्या ब्रशने घासल्या. घासताना तुकडे पडले.’ त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. कडा नखाने दाबलेल्या, तुझ्या सवयीप्रमाणे. आणि मला पाटीवर बोट पुसू न देणारी तूच ना? "चूक झाली तर एक रेघ मार, शेजारी बरोबर लिही. खालचं वाचता आलं पाहिजे. चूक लपवली की ती तुझी मालकीण होते." मी सहा वर्षांची होते. मला ते खरं वाटलं. अजून वाटतं. याचाच मला संताप येतो, की तुला ते कधीच खरं वाटलं नव्हतं!

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

तुकडे पडल्याचं मी अकरा दिवसांनी लिहिलं आणि वही तुझ्यापुढे ठेवली. बघितले होते पहिल्याच दिवशी. उकळून जंतू मारलेल्या पाण्यातल्या सहा पट्ट्या स्वच्छ होत्या, त्या नळाखाली धरून वाळवल्या. जंतूंच्या पाण्यातल्या सहा बुळबुळीत होत्या. मला बुळबुळीत काही तराजूवर ठेववेना. आपल्या घरात ओशट पेला कोणी फडताळात ठेवला आहे का कधी? मी ब्रश घेतला. पट्ट्या उन्हाने आधीच ठिसूळ झालेल्या. कडांचा भुगा मोरीच्या गाळणीत अडकला. मी तो पाहिला आणि गाळणी झटकली. मग वजनं केली. शेकडा नऊ घट! तू मला सगळ्यांसमोर मिठी मारलीस. "माझी पोर!" म्हणालीस. पंधरा वर्षं तू त्या तळ्याचं पाणी उपसत होतीस. मी तोंड उघडलं नाही.

तो भुगा जंतूंनी खाल्ला नव्हता. मी खाल्ला. पहिले अकरा दिवस माझे, नंतरचे पाच महिने तुझे. त्यातला एकही दिवस मी तुझ्याकडून उसना घेणार नाही, आणि माझा तुझ्या माथी मारणार नाही.

तुला न सांगता मी प्रयोग पुन्हा मांडला होता. तेच पाणी, तशाच पट्ट्या, पस्तीस दिवस. या वेळी बाराही पट्ट्या नळाच्या बारीक धारेखाली सारख्याच धुतल्या, ब्रश नाही. गुरुवारी वजनं केली. घट नाही. तीनदा केली. नाही.

वाफेवर धरून तुझी पट्टी सोडवली. खालची ओळ शाबूत आहे. त्या पानाची आणि नव्या वजनांची प्रत काल तुझा निष्कर्ष छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना आणि पालिकेच्या अभियंत्यांना दिली, माझ्या सहीने. अभियंते म्हणाले, "तुमच्या बाईंना विचारलंत का?" मी म्हटलं, "त्यांनीच शिकवलंय."

बाबांना आज जेवताना सांगणार आहे. कात्रण त्यांनी काढायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

सोबत तू चिकटवलेली पट्टी परत पाठवते आहे. वहीत आता तिला जागा नाही.

तुझीच विद्यार्थिनी, अजूनही, तू तुझा धडा विसरलीस तरी,
भाची