बाराच्या खाली आणू नको

रास अल खोर, दुबई
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

यम्ना आपा, सलाम.

तुम्ही सगळे बरे असाल. मी पण मजेत. आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. अब्बांसाठी घेतलेल्या नव्या कोऱ्या दुर्बिणीवरचा पॉवरचा आठ आकडा मी ब्लेडने खरवडला आणि वर बाराचा स्टिकर चिकटवला. आमच्या दुर्बिणींच्या दुकानाचे मॅनेजर बदरुद्दीनभाई ओरडले, "पागल है क्या? वॉरंटी खलास!"

व्हॉट्सॲपवर कळवलं असतं, पण तुझा फोन कायम अब्बांच्या हातात. म्हणून गावी येणाऱ्या हम्मादच्या बॅगेतून दुर्बीण आणि हे पत्र. दुर्बीण त्यांना दे, पत्र फाडून टाक.

अब्बांचा हुकूम तुला माहितीय. "बाराच्या खाली आणू नको. पलीकडच्या डोंगरावरचं डुक्कर पडवीतून दिसलं पाहिजे." इथे पण तेच. ससाणे घेऊन शिकारीला जाणारे अरब दुकानात शिरले की पहिला सवाल, "हबीबी, सबसे बडा पॉवर?"

आठवतं? परवानेवाले बंदूकवाले शेतातल्या डुकरांमागे यायचे, आणि टेहळणीला अब्बाच पुढे. मी कातळावर त्यांच्या शेजारी पालथा. एकदा मी दुर्बिणीला काजळी फासली. डोळ्यांभोवती दोन काळी कडी घेऊन अब्बा सगळ्यांसमोर उभे! लोक पोट धरून हसले. अब्बा म्हणाले, "हा शिकारी सुरमा आहे. ज्याला डुक्कर दिसत नाय, त्याने लावावा." मला मारलं पण नाय.

तर यावेळी निवडायची कशी? दुकानाच्या दारात उभा राहिलो आणि आमच्या सेल्समनला, ओवेसला, म्हटलं, "माझं कोपर हलव."

"येडा झालास?"

"हलव रे. हळूहळू. थांबू नको."

बाराच्या दुर्बिणीत लांबच्या क्रेनवरचं नाव नुसतं नाचत होतं. जेवढं मोठं दिसतं, तेवढं हलतं पण जास्त. आठला नाव बारीक दिसलं, पण वाचता आलं. काच पण मोठी आहे, मगरिबच्या, दिवेलागणीच्या उजेडात पण चालेल.

कोपर कशाला हलवलं, ते तुला कळलं असेल. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर अब्बा बशीतून चहा पीत होते, अर्धा चहा सदऱ्यावर सांडत होता, आणि तू पटकन फोन कोंबड्यांकडे फिरवलास. मी पण गपचूप कोंबड्यांचीच चौकशी केली.

आठची बघून त्यांनी विचारलं असतं, "आठ का?" मी काय सांगणार होतो? आणि खरोखर बाराची दिली असती, तर एकदाच डोळ्याला लावून खुंटीला टांगली असती. कायमची.

आपा, पाया पडतो, कोणाला बोलू नको. अम्मीला तर नायच, तिच्या पोटात काय राहत नाय. आकड्याचं कळलं तर मला शिव्या घालतील, चालेल. पण तो हात आपण दोघांनी बघितलाय, हे त्यांना कळू देऊ नको.

तुझाच,
उमर