माझ्या वाटीतलं त्याचं सूप

तीर्थरूप आई, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हातावरचं भाजलेलंही सुकत आलंय. तुझा गुडघा कसा आहे?

इथला मुख्य आचारी रोज माझं सूप चाखून सगळ्यांसमोर म्हणायचा, "ब्लँड!" म्हणजे अगदी बेचव. गिऱ्हाइकं वाटी चाटूनपुसून खायची, तरी ब्लँडच! मी दातओठ खात पुढचा कांदा चिरायला घ्यायचे.

काल मालक आले. त्यांच्यादेखत मी आचाऱ्याच्याच पातेल्यातलं सूप माझ्या वाटीत घालून त्याच्यापुढे धरलं. घोट घेऊन तो म्हणाला, "ब्लँड!"

"साहेब, हे तुमचंच आहे."

मालकांनीही चाखलं. "खरंच ब्लँड आहे," ते म्हणाले.

आज सकाळी मी मिठाचा डबा त्याच्यासमोर नेऊन ठेवला. आई, कितीतरी दिवसांनी घास गोड लागला गं.

तुझीच,
धाकटी