फसवी धाव

१४ जून

प्रिय बारके,

थोरलीचा आशीर्वाद, नको असला तर बाजूला ठेव. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण शिट्टी फुंकायला गुडघा लागत नाही.

तुझी लेक रग्बी लीगच्या सरावाला वेळेवर येते. टॅकल झकास करते, ऐकत मात्र कुणाचं नाही. खाण तशी माती. तू तिला माझ्याच संघात पाठवलंस, तेही एका ओळीची चिठ्ठी न देता, याचं नवल वाटलं. असो.

काल मैदानावर नवीन माती टाकत होते, म्हणून मुलींना खोलीत बसवून ठरलेल्या चाली शिकवल्या. दरवर्षीचंच भाषण: सहा टॅकलमध्ये, म्हणजे सहा वेळा पाडलं जाईपर्यंत, काय ते करा, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. म्हणून चाल आधी ठरवायची. एकीने चेंडू आपल्यालाच मिळणार अशा आवेशात बचावफळीवर धावायचं आणि चाल खेळवणाऱ्या हाफने चेंडू तिच्या पाठीमागून तिसरीला द्यायचा. फसवी धाव घेणारीला ना चेंडू मिळतो ना टाळ्या, धक्के तेवढे मिळतात. तू सात वर्षं ते केलंस. तुझ्यासारखं कुणालाच जमलं नाही.

मग अंतिम सामन्याचं चित्रण लावलं. हो, तेच. दर हंगामात लावते. तू फळीत घुसतेस, चेंडू अजून हाफच्याच हातात, बचावातली मुलगी तुझ्यावर आदळते. चेंडू नसताना तिची वाट अडवलीस म्हणून पंच अडथळ्याची शिट्टी देतात. आपल्या ट्रायचे गुण रद्द, सामना दोन गुणांनी गेला. ‘अशी घाई करायची नाही,’ असं मी मुलींना सांगते. सोळा वर्षं सांगतेय.

काल मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मावशी, ती आई आहे ना?’

बारके, तू घाई केली नव्हतीस. त्या सकाळी मी हाफला सांगितलं होतं, चेंडू दोन पावलं उशिरा सोड. तू शेजारच्या खोलीत घोट्याला पट्टी बांधून घेत होतीस. तुला सांगायला निघाले, वाटेत चिटणीसांनी गाठलं आणि राहून गेलं. हाफला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू ठरलेल्या खुणेवरून, ठरलेल्या क्षणी, ठरलेली आठ पावलं धावलीस. सामन्यानंतर कप्तान म्हणाली, ‘बारकीने घाई केली.’ मी म्हणाले, ‘केली खरी.’ तू दारात उभी होतीस. मला दिसली होतीस.

माझं प्रशिक्षकपद टिकलं, तुझा खेळ सुटला. लाज वाटते, एवढंच सरळ लिहिता येतं.

काल मुलींना हे सगळं सांगितलं. बाकीच्या गेल्यावर तुझी लेक म्हणाली, ‘आईला माहितीये हे?’

‘नाही,’ म्हटलं.

‘ती अजून मागच्या गल्लीत पावलं मोजत धावते. पोचली की थांबते, परत जाते, पुन्हा मोजते. मला वाटायचं, व्यायाम करते.’

बारके, आता मोजू नकोस. तेव्हाही आठच होती, आणि आठच हवी होती.

तू बरोबर होतीस हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली,
ताई