मधलं नाव

६ जानेवारी

आलं! पुस्तक आलं! औरंगपुऱ्यातल्या छापखान्यातून रिक्षात मांडीवर गठ्ठा घेऊन आले. घरी येऊन पहिली प्रत उघडली आणि नाक खुपसून वास घेतला – वेडीच आहे मी. ‘आतून कडी’. सात भयकथा. खाली माझं नाव, अख्खं : निशा कडुबा त्रिभुवन.

छापखान्यात मजकूर लावणारा प्रणय म्हणत होता, “मॅडम, मधलं नाव उडवू का? हॉररला छोटं नाव भारी दिसतं.” म्हटलं, राहू दे. पहिलीच्या हजेरीपासून अण्णा मधे आहेत, आता कुठं काढू त्यांना!

तीन प्रकाशकांनी ‘भुताखेतांचं आम्ही करत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. मग काय, मीच लेखक, मीच प्रकाशक आणि मीच हमाल. पाठ धरली आहे.

७ जानेवारी

अण्णांना अजून सांगितलं नाही. हिंमत होत नाही.

९ जानेवारी

आज कपाटात रचलेली पुस्तकं बघून वाटलं, अण्णा काय म्हणतील! अण्णा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले, आता गंगापूरला विहारात दर रविवारी अंधश्रद्धेवर बोलतात. मी आठ वर्षांची असताना भर दुपारी मला स्मशानात नेऊन चिवडा खायला घातला होता त्यांनी. “बघ, हाय का कुणी? बाबासाहेबांनी आपल्याला ह्यातनं बाहेर काढलं, पोरी.” आणि त्यांचीच पोरगी भुतं लिहिते!

पण खरं सांगू? भीती मला कधी वाटलीच नाही. आई गेल्यापासून तर – यावं की कुणीतरी, असंच वाटतं. ‘पाचवं ताट’ ही गोष्ट तिचीच आहे. घरात माणसं चार. मेलेली बाई रोज संध्याकाळी पाचला स्वयंपाकघरात येते, पदरानं ताटं पुसते आणि पाच मांडते. ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते म्हणाले, बाप रे, अंगावर काटा आला. मी लिहिताना रडले होते. आई अंगणवाडीवरून पाचला यायची आणि आल्या आल्या ताटं पुसायला घ्यायची. पदरानंच. अण्णा खेकसायचे, फडकं काय पूजेला ठेवलंय का?

लई आठवण येते आज.

१३ जानेवारी

उद्या नामांतर दिन. विद्यापीठाच्या गेटवर प्रणयच्या छापखान्याचा स्टॉल आहे. म्हणाला, एक कोपरा तुमचा. तिथं येणारी माणसं पुस्तकं घेतल्याशिवाय जात नाहीत! जाते.

१४ जानेवारी

काय अक्कल माझी! एकीकडं बावीस प्रतिज्ञांच्या पुस्तिका, दुसरीकडं चरित्रं, आणि मधे माझी काळ्या कव्हरवरची पांढऱ्या डोळ्यांची बाई. एका मावशीनं विचारलंच – “हे इथं कशाला गं माय?” तरी कॉलेजच्या पोरी घेत होत्या. मी आपली खूश.

अकराच्या सुमाराला गंगापूरची माणसं आली. त्यांच्यात अण्णा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते दरवर्षी येतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्यांनी बघावं म्हणूनच गेले असेन मी. दुसरं काय!

त्यांचे जोडीदार पुंडलिककाका. त्यांनी पुस्तक उचललं आणि मोठ्यांदा वाचलं, “निशा कडुबा त्रिभुवन... आरं कडुबा, हे तर तुझं नाव हाय! भुताच्या पुस्तकावर!” चार-पाच जण हसले. अण्णा हसले नाहीत. काकांच्या हातातून पुस्तक घेतलं, गठ्ठ्यावर ठेवलं, कडा नीट जुळवल्या आणि गेटकडं चालायला लागले. मी “अण्णा” अशी हाक मारली. गर्दीत ऐकू गेलं नसेल. नाही – गेलंच असेल.

१५ जानेवारी

आकाशचा फोन. धाकटा भाऊ माझा, अण्णांजवळ राहतो. “ताई, अण्णा म्हणतेत, त्यांचं नाव काढ म्हणावं पुस्तकावरनं.”

“आणि?”

“आणि काय नाय.”

छापलेल्या पुस्तकावरून नाव कसं काढायचं? ब्लेडनं खरवडू? दिवसभर चिडचिड. मग रडारड.

२ फेब्रुवारी

आईचा स्मृतिदिन. गंगापूरला गेले. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, पंगत उठली. अण्णा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. सगळं आकाशमार्फत. “तिला म्हणावं जेवून घे.” मी दोन हातांवर बसलेली! आकाश बिचारा खरंच माझ्याकडं वळून सांगायचा, जेवून घे.

निघताना पिशवीतली प्रत आईच्या फोटोजवळ ठेवावी असं लई मनात आलं. ठेवली नाही. परत घेऊन आले.

२० फेब्रुवारी

सगळ्या प्रती संपल्या!! वैजापूरच्या एका बाईंनी मेसेज केला – तुमची गोष्ट वाचल्यापासून संध्याकाळी स्वयंपाकघरात एकटी जात नाही. लोक मला शाबासकी देतात. मला ज्यांची पाहिजे ते सोडून सगळे.

प्रणय म्हणतो, दुसरी आवृत्ती काढू. त्यानं स्क्रीनवर नवं कव्हर दाखवलं : निशा त्रिभुवन. बराच वेळ बघत बसले. ही कोण बाई? हिला कुणी स्मशानात नेऊन चिवडा चारला नसेल. “फायनल करू का?” म्हटलं, थांब रे जरा.

६ मार्च

थांबून काय होणार आहे! त्यांचं नाव आहे, त्यांना नकोय. विषय संपला.

तरी प्रणयला फोन केला नाही.

१० मार्च

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, इथंच. आकाशच्या कारखान्यात सुट्टी नाही, म्हणून आठ दिवस माझ्या खोलीवर. काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब. डॉक्टरांनी सांगितलंय, वाचायचं नाही, टीव्ही नाही. आता निरोप द्यायला आकाश नाही, तर अण्णा भिंतीशी बोलतात. “चहा झाला का?” भिंत उत्तर देत नाही म्हणून मी देते.

१२ मार्च

पेपरशिवाय त्यांना करमेना. मी वाचून दाखवला, अग्रलेखासकट. मधे थांबले की म्हणतात, “हं, पुढं.” लहानपणी मी अडखळत वाचायचे आणि ते असंच म्हणायचे. माझ्याशी बोलले की नाही? यालाच बोलणं म्हणायचं का? मी म्हणते आहे.

१३ मार्च

थेंब घालताना सांगून टाकलं. “अण्णा, नव्या आवृत्तीत नाव काढतेय तुमचं. उद्या कळवते छापखान्यात.” त्यांचा चेहरा वर, डोळे मिटलेले. थेंब कानाकडं ओघळला. तो पुसला मी.

“हं,” म्हणाले.

मला वाटलं होतं, नको म्हणतील. किती आशा लावून बसावं माणसानं!

संध्याकाळी पेपर संपला, जाहिरातीसुद्धा संपल्या. मी उठायला लागले तर म्हणाले, “तुझं ते वाच.”

“माझं कोणतं?”

“किती पुस्तकं लिवलीस?”

पहिली गोष्ट वाचली. मग दुसरी. अण्णा दोनदा हसले, भलत्याच ठिकाणी. “एवढी घाबरायची ती बाई? बॅटरी घ्यायची की हातात.” मलापण हसू आलं. ‘पाचवं ताट’ पुढचीच होती. ती आली तसं पुस्तक मिटलं, घसा दुखतोय म्हटलं.

“उद्या वाच,” म्हणाले.

१४ मार्च

वाचली. शेवटपर्यंत. अण्णा सरळ उठून बसले. मग चष्मा काढून हातात धरला आणि, भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “मीबी बसतो गं रोज पाच वाजता, स्वयंपाकघरात. चार वर्षं झाली. माझ्याकडं नाय येत ती. तुझ्याकडं कशी येती?”